दहा लाखांत एक : प्रकाश हरवू न देणाऱ्या लेपांचा इतिहास

१/२४
#धागा
महाड म्हटले की इतिहासप्रेमींच्या मनात प्रथम रायगड उभा राहतो, मग गांधारपाल्याची लेणी, मग २० मार्च १९२७ रोजीचे चवदार तळे. आजच्या धाग्यासाठी मात्र आपण महाड औद्योगिक वसाहतीतील रस्त्यावर, पहिल्या पावसाच्या सरीनंतर उभे राहू. टँकर थांबतात तेथील डबक्यावर डिझेलचा एखादा थेंब पसरलेला असतो आणि त्यावर जांभळे, निळे, सोनेरी, हिरवे पट्टे हलत असतात. पाणी रंगहीन, डिझेलही जवळजवळ तसेच. मग हे रंग आले कोठून? या प्रश्नाचा माग काढत माणूस एकीकडे हिंगोली जिल्ह्यातील माळरानापर्यंत आणि दुसरीकडे प्रकाशाच्या एकेका कणापर्यंत पोहोचला. त्या साडेतीनशे वर्षांच्या प्रवासाची ही कथा.

२/२४
आरंभ १६६५ सालचा. लंडनमध्ये रॉबर्ट हूक याने ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर दिसणाऱ्या रंगांचे बारकाईने वर्णन केले. पापुद्र्याची जाडी बदलली की रंग बदलतो, हे त्याला उमगले होते. पण इतकी सूक्ष्म जाडी मोजायची कशी, हे त्याला साधले नाही. ते न्यूटनला साधले. सपाट काचेवर अगदी किंचित फुगीर भिंग ठेवले की दोन्हींमध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि रंगीत वर्तुळे उमटतात. भिंगाची वक्रता ठाऊक असल्यामुळे कोणत्या वर्तुळापाशी हवेचा थर किती जाड आहे, हे न्यूटनने भूमितीने काढले. १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये ही मोजमापे आहेत. मोजमापे अचूक होती. स्पष्टीकरण मात्र अजून यायचे होते.

३/२४
ते आणखी शंभर वर्षांनी आले. १८०१ च्या सुमारास थॉमस यंग याने प्रकाश ही लहर आहे असे धरून कोडे सोडवले. डबक्यावरील डिझेलच्या थराला दोन पृष्ठभाग असतात, एक हवेकडचा व एक पाण्याकडचा. दोहोंवरून थोडाथोडा प्रकाश परततो. परतलेल्या दोन लहरींचे उंचवटे एकमेकांवर आले तर तो रंग उजळतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला तर तो रंग पुसला जातो. कोणता रंग उजळेल, हे थराची जाडी ठरवते. या घटनेला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘व्यतिकरण’ म्हणतात. पुढची सारी कथा या एका वाक्यावर उभी आहे : थराची जाडी आपल्या हाती असेल, तर प्रकाशाचे परावर्तनही आपल्या हाती येते.

४/२४
पण ही गुरुकिल्ली हाती आहे, हे कारागिरांना कळले ते अपघाताने. १८९२ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे दुर्बिणी बनवणाऱ्या डेनिस टेलर याच्या लक्षात आले की, जुनी होऊन डागाळलेली काही भिंगे नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आरपार सोडतात. हवेतील ओल व रसायने यांमुळे काचेच्या पृष्ठभागावर एक निराळा, पातळ थर तयार झाला होता आणि तो परावर्तन कमी करीत होता. जर्मनीत योझेफ फ्राउनहोफर यालाही १८१७ मध्ये अशाच प्रकारचे निरीक्षण आढळले होते. टेलरने काच मुद्दाम ‘म्हातारी’ करण्याचे उपाय करून पाहिले, १९०४ मध्ये पेटंटही घेतले. परिणाम मात्र प्रत्येक काचेगणिक वेगळा येई. योगायोगाची प्रक्रिया व्हायला अजून अवकाश होता.

५/२४
गरज मात्र वाढत होती. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठभागांचे भिंग-संयोजन घ्या : प्रत्येक वेळी शंभरातले ९६ पुढे जातात आणि अखेरीस उरतात जेमतेम ६६. १९३५ मध्ये येना येथील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला याने निर्वात पात्रात पदार्थ तापवून त्याची वाफ भिंगावर बसवण्याची रीत सिद्ध केली. लष्करी दुर्बिणी व पेरिस्कोप यांसाठी ती इतकी मोलाची होती की जर्मनीने ती गुपित ठेवली. १९३८ मध्ये अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी साबणासारख्या रेणूंचे एकावर एक ४४ थर बसवून काच जवळजवळ अदृश्य करून दाखवली. आज आपल्या चष्म्यावर जी हिरवट-जांभळी झाक दिसते, ती या शोधांची वंशज आहे.

६/२४
आता नाणे उलटवून पाहू. लहरींनी एकमेकींना पुसता येते, तर एकमेकींना बळ देऊन जवळजवळ संपूर्ण परावर्तनही का घडवता येऊ नये? याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८७ मध्ये मांडले. पाठोपाठ १८८८ मध्ये त्यांनी पोटॅशियम क्लोरेटच्या स्फटिकांचा अभ्यास केला. हेच रसायन आगपेटीच्या काडीच्या गुलात असते. त्याचे काही स्फटिक एकाच शुद्ध रंगाने लखलखतात. रॅले यांनी कारण सांगितले : स्फटिकाच्या आत समान अंतरावर अनेक थर आहेत, प्रत्येक थर अगदी थोडा प्रकाश परतवतो, पण सगळे थर एका तालात परतवतात. एकट्याचे बळ नगण्य, तालात बांधलेल्यांचे अफाट. निसर्गाने बनवलेला हा बहुस्तरीय आरसाच होता.

७/२४
हे बळ किती वाढते, ते आकड्यांतच पाहावे. सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४५ आणि टँटलम ऑक्साइडचा सुमारे २.०७. दोहोंचे आलटून पालटून थर द्या. प्रत्येकाची जाडी त्याच्या आतील तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवा. अशी प्रत्येक नवी जोडी पलीकडे निसटणारा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर आणते. निम्म्याचे निम्मे दहा वेळा केले की हजारावा भाग उरतो, वीस वेळा केले की दहा लाखावा. १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरसाठी सिलिकाचा थर सुमारे १८३ नॅनोमीटर व टँटलम ऑक्साइडचा सुमारे १२८ नॅनोमीटर होतो. वीस जोड्या मिळून जाडी साधारण सहा हजारांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहून पुष्कळ कमी.

८/२४
घरचा आरसा यापुढे कसा ठरतो? ॲल्युमिनियम दर खेपेस साधारण दहा टक्के प्रकाश गिळते, चांदी एक-दोन टक्के. एकदाच तोंड पाहायचे असेल तर हे चालते. पण दोन आरसे समोरासमोर ठेवून प्रकाश तीनशे वेळा परतवायचा असेल, तर ९९ टक्के परतवणाऱ्या आरशांतही शेवटी पाच टक्क्यांहून कमी प्रकाश उरतो. तेच आरसे ९९.९९ टक्क्यांचे असतील तर ९७ टक्के उरतो. चक्रवाढ व्याजासारखीच ही चक्रवाढ घट आहे. म्हणून या क्षेत्रात ‘किती परतला’ असे विचारत नाहीत. ‘किती हरवला’ असे विचारतात, आणि उत्तर पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असे देतात. रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या महाडकराला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

९/२४
समोरासमोरच्या दोन आरशांना विज्ञानात मान मिळवून दिला तो मार्सेय येथील शार्ल फाब्री व आल्फ्रेद पेरो यांनी, १८९९ च्या सुमारास. त्यांनी काचांवर चांदीचा पातळ मुलामा देऊन त्या समांतर ठेवल्या. मधल्या पोकळीत प्रकाश पुनःपुन्हा फेऱ्या मारी आणि ज्या रंगाची लहर त्या अंतरात नेमकी बसे तोच रंग बाहेर पडे. सतारीच्या तारेवर ठरावीक स्वरच घुमतात, तसे हे. पोकळीचा ‘स्वर’ किती शुद्ध, हे आरशांत किती प्रकाश हरवतो यावर अवलंबून असते. येथून पुढे ‘पोकळी’ हा शब्द लक्षात ठेवा. तो आपल्याला चार किलोमीटर लांबीचाही भेटेल आणि धुळीच्या कणाएवढाही.

१०/२४
१९६० मध्ये लेसर जन्मला. थिओडोर मेमन याच्या माणकाच्या लेसरला टोकांवरची चांदी पुरली, कारण त्यात प्रकाशाची वाढ जोरकस होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत अली जावान व सहकाऱ्यांनी हेलियम-निऑन वायूचा लेसर चालवला. त्यात एका फेरीत प्रकाश अगदी थोडाच वाढे. धातूच्या आरशांनी ती सारी कमाई खाऊन टाकली असती. तेथे बहुस्तरीय आरसेच वापरावे लागले. भारतातही, १९६० च्या दशकाच्या मध्यास, तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला आणि त्याच्या आधारे तुर्भे व कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामध्ये प्रकाशावाटे संदेश धाडले गेले. गॅलियम आर्सेनाइड हे नावही लक्षात असू द्या.

११/२४
आरशांची खरी कसोटी मात्र विमानांनी घेतली. १९६३ मध्ये अमेरिकेत वलय-लेसर सिद्ध झाला : आरशांच्या साह्याने प्रकाश एका बंद वाटेवर दोन्ही दिशांनी फिरवायचा. यंत्र किंचित वळले की दोन्ही दिशांच्या प्रकाशाच्या कंपनसंख्येत फरक पडतो. तो मोजला की विमान किती वळले ते कळते. कोणताही भोवरा नको. पण एक विचित्र दोष आढळला. वळण फारच मंद असेल तर दोन्ही झोत एकमेकांना ‘चिकटत’ व यंत्र शून्य दाखवी. गुन्हेगार होता आरशावरून मागे विखुरणारा अत्यल्प प्रकाश. वाफ बसवून तयार केलेले थर सूक्ष्मदर्शकाखाली गवताच्या काड्यांसारखे उभे, सच्छिद्र दिसत. त्या छिद्रांत ओल शिरे आणि प्रकाश विखुरला जाई.

१२/२४
१९७० च्या दशकात लिटन या कंपनीत डेव्हिड वेई व अँथनी लाउडरबॅक यांनी यावर उपाय काढला. पदार्थ तापवून त्याची वाफ करण्याऐवजी त्यांनी आयनांचा झोत पदार्थाच्या तबकडीवर आदळवला. त्या माऱ्याने उडालेले कण वाफेतील कणांपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जेने काचेवर येऊन बसतात, त्यामुळे थर घट्ट, काचेसारखा एकसंध होतो. या रीतीचे पेटंट १९७९ चे आहे. तिच्यामुळे वलय-लेसर भरवशाचा झाला आणि १९८० च्या दशकात तशी उपकरणे बोइंगच्या प्रवासी विमानांत बसली. मूळ हेतू दिशादर्शनाचा; पण या कारखानदारीतून जो आरसा जन्मला, त्याने मूलभूत विज्ञानाची दारे उघडली. इतिहासात असे वारंवार घडते : प्रश्न एकाचा, उत्तर दुसऱ्याच्या कामी येते.

१३/२४
हे आरसे किती चांगले होते? १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील जेफ किंबल, गेरहार्ड रेंपे व सहकाऱ्यांनी अशा लेपाच्या आरशांची घट मोजली : १.६ पीपीएम. दहा लाख फोटॉन आदळले, तर हरवले ते एक-दोनच. असा एखादा फोटॉन दोन आरशांमध्ये सापडला तर निसटण्यापूर्वी लक्षावधी वेळा परततो. एवढ्या वेळा एकाच अणूला भेटल्यावर प्रकाशाचा एक कण आणि पदार्थाचा एक अणू यांचा संवाद मोजता येऊ लागला. मात्र एवढ्या शुद्धतेचा लेप देताना काचेवरचा एक धूलिकणही शत्रू ठरतो. लेपशाळेतील कारागिराला पृष्ठभाग घासणे, धुणे, तपासणे हेच काम दिवसेंदिवस करावे लागते. बक्षिसांच्या याद्यांत त्यांची नावे सहसा नसतात.

१४/२४
आता महाराष्ट्रात येऊ. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात आयुका ही संस्था उभारली. तेथे डॉ. संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींचे काम सुरू केले. दोन अतिघन तारे एकमेकांभोवती फिरत आदळले तर अवकाश थरथरेल, असे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघत होते. पण ती थरथर उपकरणाच्या गोंगाटात बुडालेली असणार. बुडालेला संकेत ओळखायचा कसा? १९९१ मध्ये बी. एस. सत्यप्रकाश व धुरंधर यांनी त्यासाठीच्या गणिती चाळणीवर पायाभूत शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हा जगात एकही मोठा शोधक चालू नव्हता. आधी गणित तयार झाले आणि यंत्र मागाहून आले. पुण्यातील या कामाची आठवण ठेवल्याशिवाय पुढच्या यशाची गोष्ट पुरी होत नाही.

१५/२४
ते यंत्र म्हणजे अमेरिकेतील लायगो. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. प्रत्येक भुजेच्या टोकांना शुद्ध सिलिकाचे ४० किलोचे, ३४ सेंटिमीटर व्यासाचे आरसे काचेच्या तंतूंनी टांगलेले. भुजेत प्रकाश सुमारे तीनशे वेळा फेऱ्या मारतो. चार किलोमीटरची भुजा जणू बाराशे किलोमीटरची होते. आठव्या कडीतला हिशेब आठवा : येथे ९९ टक्क्यांचा आरसा निरुपयोगी आहे. या आरशांवरील लेप फ्रान्समधील लियाँ येथील प्रयोगशाळेत आयनांच्या झोतानेच दिला गेला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, सूर्याच्या सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरे एक होताना उठलेली लहर या आरशांनी टिपली. आरसे हलले ते प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

१६/२४
येथे लेपाच्या इतिहासाने एक अनपेक्षित वळण घेतले. प्रकाशाची घट आता पुरेशी कमी होती. पण लेपाचे रेणू उष्णतेने सतत थरथरत असतात आणि त्यामुळे आरशाचा पृष्ठभाग अत्यल्प का होईना हलतो. १९९८ मध्ये युरी लेव्हिन यांनी दाखवून दिले की या थरथरीत प्रकाशाला सामोऱ्या येणाऱ्या थराचा वाटा फार मोठा असतो. चाळीस किलोची निर्दोष काच, आणि अडचण करते तिच्यावरची काही सहस्रांश मिलिमीटरची पुटे! टँटलम ऑक्साइडमध्ये थोडे टायटेनियम ऑक्साइड मिसळल्यावर ही थरथर कमी झाली, आणि तेच मिश्रण लायगोत वापरले गेले. तरी संवेदनक्षम पट्ट्याच्या मध्यभागी आजही याच पुटांचा आवाज मोठा अडसर आहे. विश्वाचे दूरचे आवाज ऐकायचे तर चांगला लेप हवा, असा त्याचा सरळ अर्थ.

१७/२४
या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि १७ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. त्यामागे २००९ पासून काम करणाऱ्या ‘इंडिगो’ या शास्त्रज्ञसमूहाची तयारी होती. जागा ठरली ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात. जमीन स्थिर हवी, रेल्वे-महामार्ग-कारखान्यांची कंपने दूर हवीत, चार किलोमीटरच्या भुजांसाठी सपाटी हवी. औद्योगिक वसाहतीस जे जे लागते, त्याच्या नेमके उलट. ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली व ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसली. पृथ्वीच्या या बाजूस शोधक असला की लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली, हे कितीतरी अचूक सांगता येईल.

१८/२४
येथे एक प्रश्न मोकळेपणाने विचारला पाहिजे. ३१ मार्च २०१६ रोजी भारत व अमेरिका यांच्यात जो करार झाला, त्यानुसार शोधकाचे मुख्य घटक अमेरिकी लायगो देणार. जागा, इमारती, प्रचंड निर्वात नळ्या आणि उभारणी भारताची. म्हणजे हिंगोलीतल्या सर्वांत नाजूक वस्तू, ते आरसे, बाहेरून येणार. यात कमीपणा नाही. असे आरसे बनवू शकणाऱ्या लेपशाळा जगात मोजक्याच आहेत. पण पुढची पिढी यंत्र सुधारू लागेल तेव्हा लेप कोणाचा असेल? डॉ. दिलीप भवाळकर ज्या इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे संस्थापक-संचालक होते, ते आज लायगो-इंडियातील प्रमुख भागीदारांपैकी आहे. लेसर व प्रकाशशास्त्राचा तेथील अनुभव या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ ठरू शकतो.

१९/२४
आता चार किलोमीटरवरून एकदम नॅनोमीटरवर उतरू. १९८१ मध्ये सोव्हिएत रशियात अलेक्सी एकिमोव्ह यांनी रंगीत काचेत दडलेले अतिसूक्ष्म स्फटिक अभ्यासले. १९८३ मध्ये अमेरिकेत लुईस ब्रस यांनी तसेच कण द्रावणात पाहिले. स्फटिक काही नॅनोमीटरचा झाला की त्याचा रंग त्याच्या आकारावर ठरतो, कारण इलेक्ट्रॉन लहानशा खोलीत कोंडला जातो. हेच क्वांटम डॉट. १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी ते एकसारख्या आकाराचे बनवण्याची रीत दिली; तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच १९९० च्या दशकात पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी व त्यांचे विद्यार्थी जस्त सल्फाइडचे मँगनीजयुक्त नॅनोकण पाण्यातील साध्या रासायनिक क्रियेने तयार करीत होते.

२०/२४
क्वांटम डॉटची दुसरी घराणी अर्धवाहकांच्या पोटात वाढतात. गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचा पातळ थर चढवला की अणूंमधील अंतरे जुळत नाहीत. ताणामुळे थराच्या आपोआप बारीक टेकड्या होतात. अशी एकेक टेकडी कृत्रिम अणूसारखी वागते : एकदा चेतवली की ठरावीक रंगाचा एकच फोटॉन सोडते. गुप्त संदेशवहनासाठी याहून उत्तम दिवा कोणता? पण अडचण अशी की गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक सुमारे ३.५ आहे. सतरा अंशांहून तिरका गेलेला किरण पृष्ठभागावरून आतच परततो. परिणामी शंभरांतले जेमतेम दोन फोटॉन वरच्या बाजूने बाहेर पडतात. दिवा लागतो, पण उजेड घरातच कोंडतो.

२१/२४
यावरचा तोडगा १९४६ मध्येच एडवर्ड पर्सेल यांच्या एका अगदी छोट्या टिपणात लिहिलेला होता. प्रकाश सोडणारी वस्तू योग्य पोकळीत ठेवली तर ती त्या पोकळीच्या स्वरात अधिक वेगाने प्रकाश सोडते. पोकळी जितकी लहान व घट जितकी कमी, तितका परिणाम मोठा. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-मिशेल जेरार यांच्या गटाने गॅलियम आर्सेनाइड व ॲल्युमिनियम आर्सेनाइडच्या थरांचे आरसे खाली-वर ठेवून, मध्ये क्वांटम डॉट पेरून, सूक्ष्म खांब कोरले. डॉट नेहमीच्या सुमारे पाचपट वेगाने फोटॉन सोडू लागले. २००४ मध्ये तर एकच डॉट व एकच फोटॉन यांची परस्परांत ऊर्जेची देवघेव होताना दिसली. फाब्री व पेरो यांची पोकळी आता काही सहस्रांश मिलिमीटरची झाली होती.

२२/२४
घटीशी झगडा येथेही सुटला नाही. खांबाच्या कडांवर प्रकाश विखुरतो, अर्धवाहकाचा उघडा पृष्ठभाग प्रकाश गिळतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात रिचर्ड वॉरबर्टन यांच्या गटाने निराळी रचना केली : खाली अर्धवाहकाचा आरसा व डॉट, वर काचेत कोरलेली इवली वाटी आणि तिच्यावर सिलिका व टँटलम ऑक्साइडचा लेप. २०२१ मध्ये त्यांनी दर शंभर प्रयत्नांत ५७ फोटॉन तंतूच्या टोकाशी पोहोचवून दाखवले. हा आकडा मोठाच. पण दहा फोटॉन एकाच वेळी हवे असतील तर ५७ टक्क्यांनी हजारांत तीन-चारदाच यश येते, तेच ९० टक्के असते तर ३५ वेळा शंभरांत. म्हणून येथेही प्रश्न तोच : किती हरवला? लेपातील प्रमुख पदार्थही तेच, जे हिंगोलीत येणाऱ्या आरशांवर आहेत.

२३/२४
आणि दोन प्रवाह उलट दिशेनेही मिळाले. २०१३ मध्ये व्हिएन्नात गॅरेट कोल व सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडचे स्फटिकी थर त्यांच्या मूळ पायावरून सोडवून काचेच्या आरशावर चिकटवले. सूक्ष्म खांबांत वापरले जाणारे हेच पदार्थ. पण स्फटिकाची रचना शिस्तबद्ध असल्यामुळे त्यांची थरथर काचेसारख्या लेपांहून दहापट कमी निघाली. तेव्हापासून पुढच्या पिढीच्या गुरुत्वीय लहर-शोधकांसाठी त्यांचा विचार होतो आहे. अडचण आहे ती आकाराची : ३४ सेंटिमीटरच्या आरशावर एवढा मोठा निर्दोष स्फटिकी थर देणे अवघड आहे. कृष्णविवरे ऐकू पाहणारे आणि एकेक फोटॉन पकडू पाहणारे, दोघेही आज एकाच पदार्थाच्या दाराशी उभे आहेत.

२४/२४
२०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर झाली आणि क्वांटम संवेदनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आले. म्हणजे हिंगोली, पुणे, मुंबई आणि इंदूर या पट्ट्यात प्रकाशाची घट मोजणारी माणसे येत्या काही वर्षांत वाढणार आहेत. सिद्धांत आपल्याकडे लवकर आला, हे १९९१ च्या निबंधाने दाखवले. कस लागणार आहे तो हातांचा : स्वच्छ खोली, निर्वात पात्र, न कंटाळता सहाव्यांदा धुतलेली काच. बॅचमागून बॅच शुद्धता राखणाऱ्या, पीपीएमचा आकडा वहीत उतरवणाऱ्या रसायनज्ञांच्या गावाला ही शिस्त परकी नाही. पुढच्या पावसात वसाहतीच्या रस्त्यावर ते रंगीत डबके दिसले, तर क्षणभर थांबा. हूकने अभ्रकात जे पाहिले, तेच तुमच्या पायाशी आहे.

(धागा समाप्त. सोबत विज्ञानाचे विद्यार्थी असतील तर त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवा.)